डीओ कंट्रोल लावताय? आधी एवढं करा

डीओ कंट्रोल म्हणजे सांडपाण्याच्या टाकीत विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) मोजून त्याप्रमाणे हवेचे ब्लोअर आपोआप कमीजास्त वेगाने चालवणं. अभिनंदन, योग्य ठिकाणी हात घातलात. सक्रिय गाळ पद्धतीच्या (जिवाणूंच्या गाळाने सांडपाणी शुद्ध करणाऱ्या) प्लांटमध्ये निम्म्याच्या आसपास वीज एकटे ब्लोअर खातात, त्यामुळे बचत तिथेच आहे. पण व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) आणि पीएलसीकडे (ते चालवणाऱ्या कंट्रोलरकडे) नंतर वळा, आधी सेन्सर, म्हणजे डीओ प्रोब.

डीओ प्रोबवर शेवाळ-गाळाचा थर बसला की तो बहुधा ऑक्सिजन कमी दाखवतो. मग कंट्रोलर इमानेइतबारे ब्लोअर पळवत राहतो आणि बिल उलट वाढतं! म्हणून आठवड्यातून एकदा प्रोब बाहेर काढून पुसायचा, हवेत धरून रीडिंग तपासायचं. प्रोब डिफ्यूझरच्या (तळाशी हवा सोडणाऱ्या भागाच्या) बुडबुड्यांत किंवा इनलेटच्या तोंडाशी टांगू नका. हा कंटाळवाणा भाग जमला की अर्धी लढाई जिंकलीत.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- सेटपॉइंट (टाकीत राखायची डीओची पातळी) ४ ठेवतात, 'असू दे जास्त'. साधारण २ मिलिग्रॅम प्रतिलिटरपासून सुरुवात करा.
- ब्लोअर फार हळू करतात. गाळ तळाशी बसतो, रूट्स ब्लोअर (फिरत्या लोबांनी हवा ढकलणारा प्रकार) तापतो. किमान वेग उत्पादकाला विचारून लॉक करा.
- कंट्रोलर फार चपळ ठेवतात. टाकीतला ऑक्सिजन सावकाश बदलतो. वेग सतत खालीवर होत असेल तर प्रतिसाद मंद करा.

बदलाआधी काही आठवडे रोजचे युनिट आणि आलेलं पाणी लिहून ठेवा, नाहीतर बचत दाखवणार कशी? आउटलेटचा अमोनिया वाढू लागला तर सेटपॉइंट थोडा वर घ्या. अमोनिया मोजून त्यावर ब्लोअर चालवणारं कंट्रोल सध्या विसरा. पावसाळा काढा, मग बोलू.