मुंबई-न्यूयॉर्क विमानप्रवास: जाताना साडेसहा तास, येताना साडेचोवीस?

तुमच्या आईबाबांचं थेट विमानाचं तिकीट आहे, ऑक्टोबरात जाऊन जानेवारीत परत. वेळा पाहिल्या तर जाताना साडेसहा तास दिसतात आणि येताना साडेचोवीस. तेव्हा खरे तास किती, अंतर किती आणि आईची रक्तदाबाची गोळी कुठल्या हिशोबाने द्यायची, असं तुम्ही विचारलंय.

आधी तास. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची न्यूयॉर्कची. ऑक्टोबरात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. साडेसहात साडेनऊ मिळवले की सोळा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे घेतात, त्यामुळे जानेवारीत फरक साडेदहाचा होतो. साडेचोवीसातून साडेदहा गेले, उरले चौदा.

मग येताना दोन तास कमी का? पृथ्वी फिरते म्हणून, असं पुष्कळ जण सांगतात. ते बरोबर नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरतेच. खरं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीवर असतो, आणि हिवाळ्यात त्याचा जोर जास्त.

अंतर सरळ मोजलं तर सुमारे १२,५०० किलोमीटर. मी तीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणून एक आग्रह धरते: घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरा. तो पश्चिमेला जाण्याऐवजी उत्तरेकडे चढतो! पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि मग कॅनडावरून खाली. सपाट नकाशावर हे दिसतच नाही. मुलांच्या हातात दोरा दिला की वर्ग एकदम शांत व्हायचा.

विमान मात्र नेमकं दोऱ्यावरून जात नाही. २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. वळसा पडला की अंतरही वाढतं.

आता गोळीचं. आम्ही मुलीकडे न्यू जर्सीला पहिल्यांदा गेलो, तेव्हा मी विमानातच ह्यांचं घड्याळ तिथल्या वेळेला लावलं आणि गोळी आधी दिली की नाही याचा घोळ झाला. पुढच्या वेळी ह्यांच्या मनगटावर भारतीय वेळ तशीच ठेवली आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते कागदावर लिहीत गेले. तिथे पोचल्यावर गोळीची वेळ कशी बदलायची, ते निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

आणि सोळा तास हे फक्त विमानातले. विमानतळावर तीन-चार तास आधी पोचायचं, तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग. आम्ही सांगलीहून निघतो, तेव्हा घर ते घर दीड दिवस जातो. आईंना चालायचा त्रास असेल तर व्हीलचेअर आत्ताच सांगून ठेवा आणि खिडकीपेक्षा मधल्या वाटेच्या कडेची जागा घ्या, म्हणजे दर दोन तासांनी उठून चार पावलं टाकता येतील.