पहिला स्वेटर अंगाला बसावा म्हणून

अगं, मापाचे टाके पुस्तकातून उचलू नकोस. तुळशीबागेतून लोकर आणलीस की आधी १५ सेंमीचा चौकोनी तुकडा विण. तो धू, आडवा पसरून वाळव, मग मधल्या १० सेंमीत किती टाके बसतात ते मोज. कडेचे टाके ताणलेले असतात, ते धरायचे नाहीत.

समज, छाती ९२ सेंमी आणि सैलपणा ६, म्हणजे घेर ९८. दहा सेंमीत २२ टाके असतील तर साधारण २१६ टाके घालायचे. पण तुझा हात सैल असला आणि २०च बसले, तर तेवढ्याच टाक्यांचा घेर १०८ होतो! माझा पहिला स्वेटर असाच झाला. शेवटी यजमानांनी घातला. हात सैल असेल तर सुई एक नंबर बारीक घे आणि तुकडा पुन्हा विण. कंटाळा येतो, मान्य.

लोकर बारीकच घे. पुण्यात डिसेंबरची पहाट बोचरी असते, पण अकरा वाजता जाड स्वेटर खांद्यावर येतो.

गळ्यापासून खाली विणलास तर अधूनमधून घालून बघता येतं. बगलेपाशी नक्की बघ, बाही तिथेच काचते.