परिस्थिती दर दोन महिन्यांनी बदलत असताना व्यवसायाचे नेतृत्व कसे करावे?

मागणी, कच्च्या मालाचे दर आणि नियम सतत बदलत असताना वार्षिक योजना आखण्यात काही अर्थ आहे का आणि अशा वेळी प्रमुखाने नेमके काय करावे, असे आपण विचारले आहे. मी सोळा वर्षे यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक लहान कारखाना चालवतो. त्या अनुभवावरून सांगतो की, सर्वांत आधी एकच गोष्ट तपासावी: वाईट बातमी आपल्यापर्यंत पोहोचायला किती दिवस लागतात?

१७ मार्च २००० रोजी अमेरिकेतील अल्बुकर्की येथील फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज कोसळल्यामुळे आग लागली. ती दहा मिनिटांत विझली, पण धूर आणि पाण्यामुळे जिथे धुळीचा कणही चालत नाही अशा खोल्या खराब झाल्या. मोबाइल फोन बनवणाऱ्या नोकिया आणि एरिक्सन या दोन्ही कंपन्या या कारखान्याच्या मोठ्या ग्राहक होत्या आणि सुरुवातीला सुमारे आठवडाभराच्या विलंबाचा अंदाज देण्यात आला होता. नोकियाने त्या भागांवर रोज लक्ष ठेवायला सुरुवात केली, बातमी वरिष्ठांपर्यंत लगेच गेली आणि खरे नुकसान स्पष्ट होताच अन्य ठिकाणची उत्पादनक्षमता त्यांनी मिळवली. एरिक्सनमध्ये मात्र ही किरकोळ तांत्रिक अडचण समजली गेली. वरिष्ठांना गांभीर्य कळेपर्यंत काही आठवडे उलटले होते आणि काही भागांसाठी त्यांच्याकडे दुसरा पुरवठादारच नव्हता. त्यांची सुमारे ४० कोटी डॉलरची विक्री बुडाली. पुढच्याच वर्षी त्यांचा मोबाइल व्यवसाय सोनीबरोबरच्या संयुक्त कंपनीत गेला. अर्थात त्याला इतरही कारणे होती. आगीची बातमी दोघांनाही मिळाली होती. ती कंपनीच्या आत किती वेगाने फिरली, यातच फरक पडला.

माझ्याकडे दर सोमवारी सकाळी फोरमन, हिशेबनीस, विक्री पाहणारे सहकारी आणि स्टोअर सांभाळणारे गृहस्थ पंधरा मिनिटे एकत्र बसतात आणि मी प्रत्येकाला एवढेच विचारतो की, गेल्या आठवड्यात तुम्हाला काय खटकले. एकदा स्टोअरवाल्यांनी मालासोबत आलेली दोन चलने (डिलिव्हरी चलान) माझ्यासमोर ठेवली. एरवी एकाच फेरीत पूर्ण माल पाठवणाऱ्या पुरवठादाराने लागोपाठ दोन वेळा निम्माच माल पाठवून खाली हाताने ‘उर्वरित नंतर’ असे लिहिले होते. दर तोच होता आणि तक्रार करण्यासारखे काहीच नव्हते, तरीही आम्ही त्याच आठवड्यात दुसरीकडे नमुन्याची ऑर्डर दिली. दीड महिन्याने पहिल्या पुरवठादाराचा माल पूर्ण थांबला, तेव्हा दुसऱ्याचा माल तपासून मंजूर झालेला होता. अशी बातमी आणणाऱ्यावर प्रमुख एकदा जरी चिडला, तरी पुढची बातमी त्याच्यापर्यंत येत नाही, हे मी फार उशिरा शिकलो.

दुसरी गोष्ट रोकड. कागदावर नफा दिसत असतानाही व्यवसाय बंद पडतात, कारण पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नसतात. पुढील तेरा आठवड्यांच्या येण्या-देण्यांचा तक्ता करावा आणि तो दर आठवड्याला नव्याने लिहावा. त्यात येणी बिलावरच्या मुदतीप्रमाणे मांडू नयेत. तो ग्राहक प्रत्यक्षात किती दिवसांनी पैसे देतो, ते पाहून मांडावीत. माझ्या तक्त्यात या एका बदलाने तुटीचा आठवडा एक महिना अलीकडे आला, आणि तो वेळेवर दिसल्यामुळे बँकेशी शांतपणे बोलता आले.

वार्षिक योजना अवश्य करावी, मात्र तिच्यात ‘असे झाले तर’ हा भाग आधीच लिहून ठेवावा. सलग दोन महिने ऑर्डर पाचव्या हिश्शाहून अधिक घटल्या, तर नवे यंत्र घ्यायचे नाही आणि दुसरी पाळी थांबवायची, असे निर्णय डोके शांत असतानाच ठरवलेले बरे.

साठ्याच्या बाबतीतही हाच विचार लागू होतो. कमीत कमी साठ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या टोयोटाने २०११ च्या जपानमधील भूकंपानंतर पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला, आणि २०२१ च्या सुरुवातीच्या टंचाईत ती कंपनी अनेक स्पर्धकांपेक्षा जास्त काळ तग धरू शकली. सगळाच माल साठवणे परवडत नाही. ज्या भागावाचून काम थांबते आणि जो दुसरीकडून चटकन मिळत नाही, तेवढाच साठवावा.

राहिला प्रश्न माणसांना काय सांगायचे याचा. ऑर्डर निम्म्यावर आल्या तेव्हा मी सर्वांना एकत्र बोलावून सांगितले की, पुढील तीन महिने कोणालाही कमी करणार नाही, त्यानंतरचे आज सांगता येत नाही, आणि अमुक तारखेला पुन्हा बोलू. ती तारीख आली तेव्हाही चित्र धूसरच होते, पण मी ठरल्या वेळी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि तेवढेच सांगितले. दुसरीकडून बोलावणे आलेले दोन कुशल कारागीर त्यानंतरही थांबले.