वाचकांचे प्रश्न : पहाटेचे दूध आदल्या तारखेला का पडते?

प्रश्न : गावच्या दूध संकलन केंद्रासाठी मी एक छोटे सॉफ्टवेअर लिहिले आहे. नोंदीची वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत साठवली जाते. पहाटे साडेपाचच्या आत घातलेले दूध सर्व्हरवरच्या अहवालात आदल्या तारखेला पडत असे, म्हणून साठवतानाच मी प्रत्येक आकड्यात १९८०० (साडेपाच तासांचे सेकंद) मिळवू लागलो. अहवाल सुधारला, पण सभासदांच्या मोबाइलवर सायंकाळी साडेसहानंतरचे दूध दुसऱ्या दिवशीचे दिसू लागले. असे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : १९८०० हा आकडा बरोबर आहे, तो मिळवण्याची जागा चुकली आहे. हे सेकंद यूटीसीनुसार (म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, जी आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते) १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून मोजले जातात आणि निपाणीत असो वा लंडनमध्ये, एका क्षणाला त्यांचा आकडा एकच असतो. तारीख मात्र ठिकाणानुसार बदलते. समजा, १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी दूध आले. त्या क्षणाचा आकडा १७००००५३२०. त्याला ८६४०० ने भागल्यास १९६७५ पूर्ण दिवस होऊन ८५३२० सेकंद उरतात, म्हणजे यूटीसीनुसार १४ नोव्हेंबरच्या रात्रीचे ११:४२. आपला सर्व्हर यूटीसीवर चालत असणार, म्हणून अहवालात १४ तारीख येत होती. भागण्यापूर्वी १९८०० मिळवले, तर १९६७६ दिवस आणि १८७२० सेकंद येतात : १५ तारीख, पहाटेचे ५:१२. (लीप सेकंद, म्हणजे घड्याळात अधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद, या मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे दिवस कायम ८६४०० सेकंदांचाच राहतो, हे आपल्या सोयीचेच.)

ही बेरीज तारीख काढण्यापुरती करायची असते. आपण वाढवलेला आकडाच साठवला, आणि मोबाइलने तो मूळ आकडा समजून आपले साडेपाच तास त्यात पुन्हा मिळवले. सायंकाळच्या साडेसहात साडेपाच तास मिळवले की बरोबर मध्यरात्र होते.

आधी बॅकअप घ्या, मग बदल केल्यानंतरच्या नोंदींतूनच १९८०० वजा करा आणि अहवालात तारीख काढताना 'एशिया/कोलकाता' हे टाइमझोनचे नाव द्या. भारतात आज ठरावीक आकड्यानेही काम भागते, परंतु जर्मनीसारख्या देशांत यूटीसीशी असलेला फरक उन्हाळ्यात व हिवाळ्यात वेगळा असल्याने नाव देण्याची सवय बरी. आपल्याकडे दहा दिवसांचे बिल निघत असेल, तर ११ आणि २१ तारखेच्या पहाटेचे दूध आधीच्या बिलात गेले आहे काय, हेही तपासा. सभासदाच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे.

शिवाय दूध कोणत्या तारखेचे आणि सकाळचे की सायंकाळचे, हे माझ्या मते सेकंदांवरून काढूच नये, त्यासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा. वीज गेल्यावर वहीत लिहिलेल्या नोंदी दुसऱ्या दिवशी संगणकावर चढवल्या जातात, तेव्हा ते सेकंद नोंद चढवल्याची वेळ सांगतात, दूध आल्याची नव्हे.

प्रश्न : जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत माझ्या सगळ्या नोंदींवर २० जानेवारी १९७० हीच तारीख येते.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : जावास्क्रिप्टची तारीख मिलिसेकंदांवर चालते आणि आपण तिला सेकंद देत आहात. आकड्याला १००० ने गुणून द्या. आजचे सेकंद दहा अंकी व मिलिसेकंद तेरा अंकी असतात, त्यामुळे नुसते अंक मोजले तरी चूक लक्षात येते.