नरक्याचा काढा कॅन्सरवर चालतो का?

प्रश्न: आमच्या रानात नरक्या तोडायला बाहेरची माणसं येतात, त्यापासून कॅन्सरचं औषध बनतं म्हणे. माझ्या काकीची केमो चालू आहे, घरातले म्हणतायत साल उकळून काढा देऊया. शिवाय मुलगी रत्नागिरीला एमएस्सी केमिस्ट्री करतेय, तिला हे औषध लॅबमध्ये काढता येईल का?
– एक वाचक, दोडामार्ग

उत्तर: आधी काकींचं, कारण ते थांबू शकत नाही. काढा अजिबात देऊ नका. नरक्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं, ज्यापासून कॅन्सरची औषधं बनतात ते रसायन असतं हे खरंय, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे काढ्यात किती उतरलं हे कुणालाच सांगता येणार नाही आणि जे उतरेल ते विषारीच. १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी (वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, हे शाळेत शिकवायला हवं खरं तर) ते एका चिनी झाडातून वेगळं केलं, पुढे त्याचं पाण्यात विरघळणारं सोडियम सॉल्ट पेशंटना देऊन बघितलं तर लघवीतून रक्त जायला लागलं, रक्तातल्या पेशी घटल्या आणि ट्रायल बंद करावी लागली. रेणूत बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं अमेरिकेत मंजूर झाली ती थेट १९९६ मध्ये, म्हणजे ३० वर्षांनी, आणि तीसुद्धा रक्ताचे रिपोर्ट बघूनच देतात. काकींच्या पेशी केमोने आधीच कमी झालेल्या असू शकतात, त्यात हे नको. आधीच काही दिलं असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, रागावले तरी चालेल.

आता मुलीचं. हो, गाइडच्या देखरेखीखाली करता येईल. वाळवलेल्या पानांची पूड मिथेनॉलमध्ये भिजवायची, गाळून आटवायची, मग क्लोरोफॉर्म आणि पाण्यात हलवून क्लोरोफॉर्मचा थर घ्यायचा आणि सिलिकाच्या कॉलममधून (सिलिकाची पूड भरलेली उभी नळी) सोडायचा. खाली येणाऱ्या प्रत्येक ट्यूबमधला थेंब टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणारी लेप दिलेली पट्टी) ठेवून यूव्ही दिव्याखाली बघायचा, कॅम्प्टोथेसिन असेल तिथे निळा ठिपका चमकतो, फार सुंदर दिसतं ते! पण निळं चमकणारे इतरही पदार्थ असतात, म्हणून शेजारी तुलनेसाठी विकतचं शुद्ध कॅम्प्टोथेसिन (स्टँडर्ड) लावायचंच आणि शेवटी एनएमआर, मास स्पेक्ट्रम या रेणूची ओळख पटवणाऱ्या तपासण्या केल्याशिवाय नाव द्यायचं नाही. आणि ते कॅन्सरच्या पेशींवर चाललं तरी पेशी मरतात एवढंच कळतं, डिशमधल्या पेशी तर फिनाइलनेही मरतात, म्हणून निरोगी पेशींवरही तीच टेस्ट लावायची आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. हातमोजे आणि फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढून नेणारं लॅबमधलं कपाट) हवंच, पूड नाकात जाता कामा नये.

सॅम्पलसाठी झाड मात्र तोडू नका. पानांतही थोडं कॅम्प्टोथेसिन असतं, शिकण्यापुरती मूठभर पानं पुरतात, तीही वनखात्याला विचारून घ्या. तोडणारे लोक मुळासकट उपटतात कारण मुळात जास्त मिळतं, आणि असं उपटलेलं झाड परत फुटत नाही. पुढच्या वेळी ते दिसले की लगेच वनरक्षकाला फोन करा, नंबर घरात सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.