लसीकरण : संमती कोणाची, जबाबदारी कोणाची?

लसीकरणातील वैयक्तिक निवड आणि सुरक्षितता या विषयावर आलेल्या पत्रांमधील काही प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे बाळ सात महिन्यांचे आहे. माझा लशींना सरसकट विरोध नाही. परंतु बाळाच्या शरीरात काय जावे हे ठरवण्याचा अधिकार माझा आहे, असे म्हटले की सगळे मला बेजबाबदार ठरवतात. शस्त्रक्रियेसाठी आईवडिलांची सही घेतली जाते, मग लशीच्या बाबतीत माझ्या संमतीला किंमत का नसावी?

उत्तर : तुमच्या संमतीला किंमत आहे. प्रश्न विचारणाऱ्या आईला बेजबाबदार म्हणणे हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय त्यामुळे संवाद तिथेच संपतो आणि त्याचे नुकसान बाळाला सोसावे लागते.

मात्र शस्त्रक्रियेशी केलेली तुलना सगळ्या लशींना लागू पडत नाही. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया नाकारली तर तिचा परिणाम त्या रुग्णापुरता राहतो. गोवराचे तसे नाही. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू सुमारे दोन तास हवेत टिकू शकतो. ज्यांच्यात प्रतिकारशक्ती नाही अशा दहा व्यक्ती रुग्णाच्या निकट संपर्कात आल्या, तर त्यांपैकी नऊ जणांना लागण होते. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रुग्ण हा संसर्ग इतरांना देत असतो, त्यामुळे 'आजारी पडल्यावर घरात ठेवू' ही खबरदारी बहुतेक वेळा उशिरा पडते. एवढ्या वेगाने पसरणारा आजार रोखायचा असेल, तर समाजातील सुमारे ९५ टक्के लोक संरक्षित असावे लागतात. उरलेल्या पाच टक्क्यांत कोण असते? कर्करोगाचे उपचार घेणारी मुले, प्रतिकारशक्ती जन्मतः दुबळी असलेली मुले, आणि ज्यांचे लशीचे वय अद्याप झालेले नाही अशी बाळे. गोवराचा पहिला डोस बहुतेक देशांत नवव्या किंवा बाराव्या महिन्यात दिला जातो. म्हणजे आज, हे पत्र तुम्ही लिहीत असताना, तुमचे बाळ इतर पालकांनी घेतलेल्या निर्णयांच्या आधाराने सुरक्षित आहे.

त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की हा युक्तिवाद प्रत्येक लशीला सारखाच लागू होत नाही, आणि तो तसा लावला जातो तेव्हा लोकांचा विश्वास उडतो. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. म्हणून धनुर्वाताची लस 'समाजासाठी' घ्या असे सांगणे चुकीचे ठरेल, ती घ्यायची ती स्वतःच्या जिवासाठी. रुबेलाचे नेमके उलटे आहे. लहान मुलाला रुबेला झाला तर तो बहुधा किरकोळ तापासारखा येऊन जातो, परंतु गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत स्त्रीला तो झाला तर गर्भाचे डोळे, कान आणि हृदय यांवर गंभीर परिणाम होऊ शकतात. म्हणजे रुबेलाची लस आपण मुलाला देतो ती मोठ्या प्रमाणात इतरांसाठी. बहुतेक लशी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना प्रत्येक लशीबद्दल हे जरूर विचारा, की या लशीचा लाभ माझ्या बाळाला किती आणि इतरांना किती. ज्या डॉक्टरला हा प्रश्न आवडत नाही, त्याने तो आवडून घ्यायला शिकावे असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला थोडी कठीण आहे. प्रौढ व्यक्ती स्वतःसाठी लस नाकारते तेव्हा धोका ती स्वतः पत्करते. बाळाच्या बाबतीत आपण त्याच्या वतीने सही करतो, त्यामुळे तिथला आपला अधिकार विश्वस्ताचा असतो. तो तुमचाच आहे, दुसऱ्या कोणी तो हिसकावून घेऊ नये, पण बाळाचे हित हीच त्याची कसोटी आहे.

प्रश्न : सरकारला किंवा नोकरी देणाऱ्या संस्थेला लसीकरणाची सक्ती करण्याचा अधिकार आहे का? न्यायालयांनी याबाबत काय म्हटले आहे?

उत्तर : हा वाद फार जुना आहे. इंग्लंडमध्ये १८५३ साली अर्भकांना देवीची लस देणे कायद्याने बंधनकारक झाले आणि विरोधही लगोलग सुरू झाला. १८८५ मध्ये लेस्टर शहरात या कायद्याविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला, आणि अखेर १८९८ च्या कायद्याने सदसद्विवेकबुद्धीच्या आधारावर सूट घेण्याची सोय पालकांना मिळाली. लेस्टरबद्दल बोलताना एक बाब सहसा गाळली जाते. त्या शहराने लशीची सक्ती झुगारली, पण रुग्णाची तत्काळ नोंद, रुग्णांचे विलगीकरण आणि त्यांच्या संपर्कातील लोकांना वेगळे ठेवणे हे उपाय कसोशीने राबवले. म्हणजे एक बंधन नाकारताना लोकांनी दुसरे बंधन स्वीकारले होते.

अमेरिकेत केंब्रिज शहरातील जेकबसन या धर्मोपदेशकाने देवीची लस नाकारली, तेव्हा त्यांना ५ डॉलर दंड झाला. साथीच्या काळात राज्याला असा नियम करता येतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये दिला. मात्र नियम मनमानी असता कामा नये आणि ज्याच्या प्रकृतीला लस घातक ठरेल त्याच्यावर तो लादता येणार नाही, हेही त्या निकालातून स्पष्ट झाले.

अलीकडचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. एप्रिल २०२१ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने चेक प्रजासत्ताकातील बालकांच्या बंधनकारक लसीकरणाचा नियम वैध ठरवला. तिथे लस न देणाऱ्या पालकांना दंड होता आणि मुलाला बालवाडीत प्रवेश नव्हता, पण कोणालाही धरून टोचले जात नव्हते. त्यानंतर मे २०२२ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने कोविडच्या लशीबाबत निकाल देताना म्हटले की, कोणाही व्यक्तीला लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, सार्वजनिक हितासाठी सरकारला बंधने घालता येतात, परंतु ती प्रमाणात असली पाहिजेत. लस न घेतलेल्यांकडून संसर्ग पसरण्याचा धोका लस घेतलेल्यांपेक्षा अधिक असल्याचे दाखवणारी माहिती पुढे आलेली नसल्यामुळे, त्यांच्या वावरावर घातलेली बंधने न्यायालयाला प्रमाणशीर वाटली नाहीत. हा निकाल कोविडच्या लशीपुरताच असल्याचेही न्यायालयाने नमूद केले.

वरवर पाहता हे निकाल परस्परविरोधी वाटतात. मला तसे वाटत नाही. लस प्रसार किती रोखते, आजार किती गंभीर आहे आणि कमी कठोर उपाय उपलब्ध आहे का, या प्रश्नांची उत्तरे आजारागणिक बदलतात, म्हणून निष्कर्षही बदलतो. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या परिचारिकेकडून संस्थेने जी अपेक्षा करावी, तीच अपेक्षा घरून काम करणाऱ्या लेखनिकाकडून करण्याचे कारण नाही.

प्रश्न : लशींचे दुष्परिणाम लपवले जातात असे सतत ऐकू येते. दुसरीकडे 'लस पूर्ण सुरक्षित आहे' असेही छातीठोकपणे सांगितले जाते. सामान्य माणसाने कोणावर विश्वास ठेवावा?

उत्तर : 'पूर्ण सुरक्षित' हे विधान कोणत्याही औषधाबद्दल खरे नसते आणि आरोग्यसेवेतील माणसांनी ते वापरू नये. लशींच्या इतिहासात खरोखरच गंभीर चुका झाल्या आहेत. अमेरिकेत १९५५ साली पोलिओच्या लशीच्या काही साठ्यांतील विषाणू निष्क्रिय झालेलाच नव्हता. त्यातून दीडशेहून अधिक जणांना पक्षाघात झाला आणि दहा जण दगावले. त्या घटनेनंतर लसनिर्मितीवरील देखरेखीचे नियम अत्यंत कडक झाले.

रोटाव्हायरस या लहान बाळांना तीव्र जुलाब घडवणाऱ्या विषाणूवरच्या पहिल्या लशीची हकिगत मला अधिक बोधप्रद वाटते. ती १९९८ मध्ये अमेरिकेत वापरात आली. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकून अडकण्याचे प्रकार काही बाळांमध्ये दिसू लागल्यावर, वर्षभराच्या आत तिचा वापर थांबवण्यात आला. तो धोका साधारणपणे दहा हजारांत एक एवढा होता. चाचण्यांमध्ये भाग घेतलेल्या बाळांच्या संख्येत इतकी विरळ गोष्ट ठळकपणे दिसणे अवघड होते, ती वापरानंतरच्या नोंदींमुळे उघडकीस आली. पुढच्या रोटाव्हायरस लशींच्या चाचण्या म्हणूनच प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळांवर झाल्या. या नव्या लशींचा धोकाही शून्य नाही, तो लाखात एक ते पाच एवढा आहे आणि तो जाहीरपणे सांगितला जातो. २०२१ मध्ये कोविडच्या एका प्रकारच्या लशीनंतर प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या होण्याचे विरळ प्रकार आढळले, तेव्हाही काही देशांनी ती थांबवली आणि काहींनी तरुणांना दुसरी लस देण्याचे ठरवले.

या उदाहरणांवरून लशी घातक असतात असा अर्थ काढणाऱ्यांना मी विचारीन की, हे धोके आपल्याला कळले कसे? नोंदी ठेवणाऱ्या, त्या पडताळणाऱ्या आणि लस मागे घेण्याची तयारी असणाऱ्या यंत्रणेनेच ते शोधले.

आता आकड्यांची तुलना करू. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या संयुक्त लशीनंतर तीन ते चार हजार डोसांमागे सुमारे एका मुलाला तापात आकडी येते. आईवडिलांसाठी तो प्रसंग भयंकर असतो, पण अशी आकडी बहुधा कायमचे नुकसान करत नाही. जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी बहुतेक लशींबाबत दहा लाख डोसांमागे एकाच्या आसपास दिसते. तिच्यावर तातडीचे उपचार आहेत आणि म्हणूनच टोचल्यानंतर थोडा वेळ थांबायला सांगतात. ती वेळ कृपया टाळू नका. प्रत्यक्ष गोवर झाला तर वीसांतील एका मुलाला न्यूमोनिया होतो आणि हजारातील एकाच्या मेंदूला सूज येते. चांगल्या वैद्यकीय सोयी असलेल्या देशांतही हजारी एक ते तीन मुले दगावतात.

गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या संयुक्त लशीमुळे स्वमग्नता (ऑटिझम) येते का, असेही बऱ्याच जणांनी विचारले आहे. या भीतीचे मूळ १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या, अवघ्या बारा मुलांवर आधारित लेखात आहे. तो लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला आणि प्रमुख लेखकाचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात लस घेतलेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. स्वमग्नतेची लक्षणे पालकांच्या लक्षात येण्याचे वय आणि या लशीचे वय जवळजवळ एकच असल्यामुळे, एकामागून दुसरे घडताना पाहणाऱ्या आईवडिलांना शंका येणे स्वाभाविक आहे. त्यांची शंका प्रामाणिक असते, तिचा गैरफायदा घेणारे मात्र तसे नसतात.

प्रश्न : सगळ्या लशी थोड्या उशिरा आणि सुट्या सुट्या दिल्या तर बाळावरचा ताण कमी होणार नाही का?

उत्तर : नाही. आईकडून मिळालेले संरक्षण पहिल्या काही महिन्यांत ओसरत जाते आणि डांग्या खोकल्याने होणारे मृत्यू मुख्यतः याच कोवळ्या वयात होतात. डोस पुढे ढकलल्याने ताण कमी होत नाही, धोक्याचा काळ तेवढा लांबतो आणि टोचण्यासाठी फेऱ्या वाढतात. बाळ गंभीर आजारी असेल, आधीच्या डोसानंतर तीव्र ॲलर्जी आली असेल किंवा प्रतिकारशक्तीचा विकार असेल, तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा मुलांसाठी काही लशी पुढे ढकलणे किंवा टाळणे हाच योग्य सल्ला असतो. साध्या सर्दीसाठी डोस चुकवू नये.

प्रश्न : माझ्या भावाला लस घेतल्यानंतर गंभीर त्रास झाला. आम्ही विचारायला गेलो तर 'याचा लशीशी काही संबंध नाही' असे तपासणी न करताच सांगितले गेले. आम्ही लसविरोधी नाही. आम्हाला फक्त उत्तर हवे होते.

उत्तर : तपास न करता 'संबंध नाही' असे सांगणे हे तपास न करता 'लशीमुळेच झाले' असे म्हणण्याइतकेच अशास्त्रीय आहे. तुमच्या भावाच्या प्रकरणात काय घडले हे कागदपत्रे न पाहता मी सांगू शकत नाही. पण तुम्हाला मिळालेली वागणूक चुकीची होती, हे निश्चित.

लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांची तपासणी करण्याची जागतिक आरोग्य संघटनेची ठरलेली पद्धत आहे. त्रास लशीच्या गुणधर्मामुळे झाला, उत्पादनातील दोषामुळे, देताना झालेल्या चुकीमुळे, टोचण्याच्या भीतीमुळे, की तो निव्वळ योगायोगाने त्याच वेळी उद्भवला, हे त्यात तपासले जाते. हा भेद किती महत्त्वाचा आहे ते पंजाबातील मुल्कोवाल गावी १९०२ मध्ये घडलेल्या प्रसंगावरून दिसते. प्लेगची लस घेतलेल्या १९ जणांचा तिथे धनुर्वाताने मृत्यू झाला आणि लस शोधणारे वाल्देमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर दोष आला. प्रत्यक्षात गावात बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. हाफकिन यांची निर्दोषता मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. घाईने काढलेल्या निष्कर्षामुळे मृतांच्या नातेवाईकांना खरे कारण कळले नाही आणि एका निरपराध शास्त्रज्ञाची उमेदीची वर्षे वाया गेली.

भरपाईच्या बाबतीत माझी भूमिका स्पष्ट आहे. समाज जेव्हा सर्वांच्या रक्षणासाठी लस घ्यायला सांगतो, तेव्हा त्यातून ज्या मोजक्या व्यक्तींना इजा होते त्यांची जबाबदारीही समाजाने उचलली पाहिजे. जर्मनीने १९६१ मध्ये, ब्रिटनने १९७९ मध्ये आणि अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने अशी तरतूद केली. ज्या ठिकाणी लस बंधनकारक आहे पण भरपाईची वाट नाही, तिथली सक्ती मला न्याय्य वाटत नाही, मग ती लस कितीही उपयुक्त असो.

तुम्ही आता एवढे करा. लशीचे नाव, साठ्याचा क्रमांक, टोचल्याची तारीख आणि वेळ, त्रास सुरू झाल्याची वेळ आणि सर्व तपासण्यांचे अहवाल एकत्र करा. प्रतिकूल घटनेची नोंद करावी अशी लेखी विनंती आरोग्य विभागाकडे द्या आणि तिची पोच घ्या. त्या नोंदीवर पुढे काय निष्कर्ष निघाला, हेही लेखी विचारा. भावाला पुढचा डोस द्यायचा की नाही, याचा निर्णय तज्ज्ञाने हे अहवाल पाहिल्यावरच घ्यावा. तोपर्यंत कोणाच्याही आग्रहाखातर घाई करू नका.