वाचकांचे प्रश्न : तळघरासाठी डीह्युमिडिफायर किती लिटरचा?

प्रश्न : आमचं तळघर ५०० चौरस फुटांचं आणि ८ फूट उंच आहे. आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते, कुबट वास येतो, पुठ्ठ्याची खोकी मऊ पडतात. हवेतलं बाष्प काढणारी यंत्रं (डीह्युमिडिफायर) पाहिली : दिवसाला १०, २० आणि ३० लिटर पाणी ओढणारी. कोणतं पुरेल?

उत्तर : क्षेत्रफळावरून लिटर सांगणारे तक्ते सगळीकडे मिळतात. अंदाजाला ते ठीक आहेत, पण निर्णय त्यांच्यावर सोडू नका. यंत्राचा आकार ठरतो तो तळघरात रोज नव्यानं किती पाणी शिरतं यावर.

हिशेब करून पाहा. तुमच्या तळघरात सुमारे ११३ घनमीटर हवा आहे. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७.३ ग्रॅम बाष्प मावतं. म्हणून ८० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर येण्यासाठी एकूण फक्त ६०० मिलिलिटरच्या आसपास पाणी काढावं लागतं. एवढं काम लहान यंत्रही काही तासांत उरकेल. आता बाहेरची हवा २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची आहे असं धरा. तिच्या प्रत्येक घनमीटरात जवळपास २२ ग्रॅम बाष्प असतं. दाराखालची फट, पाइपांभोवतीची भोकं आणि सैल खिडक्या यांतून दर तासाला तळघरातली निम्मी हवा बदलत असेल, तर हवेबरोबर दिवसाला १७-१८ लिटर जादा पाणी आत येतं. फटी बुजवून हीच अदलाबदल तासाला एक दशांशावर आणली, की साडेतीन लिटर उरतात. तळघर तेच, क्षेत्रफळ तेच, पण यंत्राची गरज पाचपट बदलली. त्यामुळे सीलंटची नळी आणि दाराची रबरी पट्टी यंत्राच्या आधी आणा, असा आमचा आग्रह आहे.

हवेशिवाय पाणी भिंतीतून आणि फरशीतूनही येतं. ते ओळखायला साधारण ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा, तसाच एक भिंतीवर, आणि एक-दोन दिवस राहू द्या. प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला थेंब जमले, तर ओल जमिनीतून येते आहे. वरच्या अंगाला जमले, तर हवेतलं बाष्प थंड पृष्ठभागावर साचतं आहे. पहिल्या प्रकारात घराबाहेर पाहा : छताचं पाणी पन्हळीतून भिंतीच्या पायथ्याशीच पडतं का? भिंतीलगतची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती आहे का? पहिल्या १० फुटांत निदान ६ इंच उतार हवा. फरशीवर पाणी उभं राहत असेल किंवा भिंतीतून झिरपत असेल, तर कोणत्याही लिटरचं यंत्र त्याला पुरं पडणार नाही. आधी तो झिरपा बंद करा.

एवढं झाल्यावर प्लॅस्टिकखाली ओल नसेल, तर तुमच्या तळघराला २० लिटरचं यंत्र घ्या. फरशीतून थोडी ओल येतच असेल किंवा कपडे तिथेच वाळत असतील, तर ३० लिटरचं. १० लिटरचं मात्र नको. ते दमट दिवसांत अखंड चालेल आणि तरी ६० टक्क्यांच्या खाली येणार नाही, आणि बुरशी रोखायची तर ६० ही मर्यादा ओलांडून चालत नाही. शंका असेल तेव्हा एक आकार मोठं घ्यावं. मोठं यंत्र हवी ती आर्द्रता लवकर गाठून थांबतं. तोटा आवाजाचा, जागेचा आणि किमतीचा. शक्य असल्यास कुणाचं तरी यंत्र आठवडाभर आणून चालवा आणि रोज किती पाणी जमतं ते मोजा. पहिले दोन-तीन दिवस सोडून द्या, कारण तेव्हा सामानात, लाकडात आणि भिंतीत मुरलेलं पाणी निघत असतं. त्यानंतरचा आकडा ही तुमची खरी गरज.

प्रश्न : खोक्यावर २० लिटर लिहिलं आहे, पण दिवसाला जेमतेम ७ लिटर पाणी जमतं. यंत्र बिघडलं आहे का?

उत्तर : बहुधा नाही. तो आकडा कोणत्या तापमानाला आणि आर्द्रतेला मोजला आहे ते बारीक अक्षरात शोधा. पुष्कळ यंत्रांची क्षमता ३० अंश आणि ८० टक्के अशा परिस्थितीत मोजलेली असते. २७ अंश आणि ६० टक्क्यांना तेच यंत्र साधारण निम्मं पाणी काढतं, आणि २० अंशांच्या तळघरात त्याहून कमी. आधीच्या उत्तरातले आकडे आम्ही हे धरूनच दिले आहेत. अमेरिकेत २०१९ पासून सुट्या यंत्रांची चाचणी सुमारे १८ अंशांना होते, त्यामुळे पूर्वी ७० पाइंटचं म्हणून विकलं जाणारं यंत्र आता साधारण ५० पाइंटचं, म्हणजे साडेतेवीस लिटरचं ठरतं. दोन यंत्रांची तुलना एकाच चाचणीच्या आकड्यांवरच करा.

जमणारं पाणी अचानक घटलं, तर जाळी धुऊन पाहा आणि मागच्या कॉइलवर (ज्या थंड नळ्यांवर बाष्पाचं पाणी होतं त्यांवर) बर्फ आहे का तपासा. कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या यंत्राची कॉइल खोलीपेक्षा बरीच थंड असते, म्हणून खोली १५ अंशांच्या आसपास गेली की तिच्यावर हिम धरायला लागतं. आपोआप हिम वितळवण्याची सोय नसेल, तर यंत्र नुसतंच वीज खातं. तळघर कायम इतकं थंड असेल, तर शोषक चक्राचं, म्हणजे डेसिकंट प्रकारचं यंत्र घ्या. ते थंडीतही पाणी काढतं. वीज जास्त लागते आणि खोली थोडी तापते.

प्रश्न : घराच्या फरशीखाली अडीच फूट उंचीची पोकळी आहे, खाली उघडी माती. तळघरातलं यंत्र तिथे ठेवलं तर?

उत्तर : उघड्या मातीवर नको. माती बाष्प सोडतच राहते आणि यंत्र ते उपसतच राहतं. आधी संपूर्ण जमिनीवर जाड पॉलिथिन अंथरा : किमान ०.१५ मिलिमीटर, आणि तिथे सरपटत जाऊन दुरुस्ती करावी लागत असेल तर ०.२५ किंवा त्याहून जाड, कारण पातळ कागद गुडघ्याखाली फाटतो. जोडावर निदान १५ सेंटिमीटर एकावर एक घ्या, पट्टी लावा, कडा भिंतीवर तेवढ्याच चढवून चिकटवा. बाहेरच्या झरोक्यांना झाकणं बसवा. मात्र तिथे हवा ओढून जळणारा गॅसचा बंब वा भट्टी असेल, तर झरोके बंद करण्याआधी जाणकाराला विचारलंच पाहिजे. त्यात विषारी वायू साचण्याचा धोका असतो.

यंत्र अशा जागेसाठी बनवलेलं, बुटकं आणि कमी तापमानाला चालणारं घ्या. बादली रिकामी करायला रोज कुणी आत जाणार नाही. नळी सतत उतारावर न्या. उतार मिळत नसेल तर पाणी वर उचलणारा छोटा पंप जोडा. नळीला मध्ये झोळ पडला की तिथे शेवाळ साचतं आणि पाणी उलटं येतं. आर्द्रतामापकाचा पडदा वर घरात ठेवा, संवेदक खाली.

प्रश्न : यंत्र चालू असताना खिडकी उघडी ठेवावी का? आणि आर्द्रता किती लावावी?

उत्तर : बाहेर दमट असेल तर खिडकी बंदच ठेवा. २८ अंश आणि ७५ टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होऊ लागतात ते तापमान, सुमारे २३ अंश असतो. तळघराची २० अंशांची भिंत तिच्या संपर्कात आली की घामेजणारच.

यंत्र ५० टक्क्यांवर लावा. त्यावरचा आकडा यंत्राजवळच्या हवेचा असतो, म्हणून दूरच्या कोपऱ्यात वेगळा मापक ठेवा. मापक तपासायचा तर बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते थोड्या पाण्याने ओलसर करा (विरघळू देऊ नका) आणि मापकासह हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. ७५ दाखवायला हवेत. जो फरक येईल तो पुढे प्रत्येक वाचनात धरा.